बायबलमधील वरिष्ठ आणि कनिष्ठ

कार्यालयातील वरिष्ठांशी कसे वागावे हे बायबलच्या आधाराने शिकविणारे एक उपदेशपर वाङ्मय आहे. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. पण त्याचे पडसाद आपल्याकडील भाषांतरित पुस्तकांतून आणि व्यक्तिमत्त्व-विकासाच्या व्याख्यानांतूनही ऐकू येतात. त्याची पद्धत ठरलेली असते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील सहावा अध्याय घ्यावयाचा, त्यातील 'दास' खोडून तेथे 'कर्मचारी' लिहावयाचे, 'धनी' खोडून 'साहेब' लिहावयाचे, आणि मग मनापासून काम करा, कुरकुर करू नका, साहेबाची सेवा ही देवाचीच सेवा समजा, अशी सूत्रे काढावयाची. ऐकणाऱ्यांत अर्थातच साहेब फारसे नसतात. असतात ते कनिष्ठ, आणि त्यांना पाठविणारा साहेबच असतो.

या ग्रंथसंग्रहात वरिष्ठांचा मान राखण्याविषयी मोलाचे शहाणपण आहे, याविषयी मला शंका नाही. ते ज्या ठिकाणी शोधले जाते तेथे मात्र ते सर्वांत कमी आहे. ते पत्रांतील आज्ञांपेक्षा कथांमध्ये आहे. आणि कथांमध्ये मान राखणे म्हणजे गप्प बसणे असा अर्थ क्वचितच निघतो. तेथे मान ही बोलण्याची रीत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालावे ते याच कारणासाठी. येथे भाविकतेपेक्षा वाचनाचा प्रश्न मोठा आहे.

प्रथम त्या वचनाचा इतिहास पाहू. १८०७ साली लंडनमध्ये बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. ते ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी होते. त्यातून जुन्या कराराचा फार मोठा भाग वगळला होता. इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून बाहेर पडतात ती कथा त्यात नव्हती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांस पत्रातील वचन मात्र जागच्या जागी होते. निवड हीसुद्धा एक टीकाच असते असे आपण काव्यसंग्रहांविषयी बोलताना म्हणतो. तिचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आपल्या आत्मकथनात एका धन्याची हकीकत सांगितली आहे. हा गृहस्थ धार्मिक मेळाव्यात जाऊन भाविक झाला, आणि त्यानंतर एका पंगू तरुणीला चाबकाने मारताना लूककृत शुभवर्तमानातील वचन समर्थनासाठी म्हणू लागला. हॉवर्ड थर्मन यांच्या १९४९ च्या पुस्तकात त्यांच्या आजीची आठवण आहे. ती गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. अपवाद एकच, करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रेमावरील अध्याय, आणि तोही कधीमधी. कारण विचारल्यावर तिने सांगितले की धन्याचा पाद्री वर्षातून तीनचार वेळा त्याच एका वचनावर प्रवचन करीत असे. तेव्हाच तिने ठरविले होते की स्वातंत्र्य मिळाले तर तो भाग वाचावयाचा नाही.

या निरक्षर बाईइतकी कडक समीक्षा विद्यापीठीय समीक्षकांपैकी थोड्यांनीच केली असेल. आणि आपल्या समाजात तर सेवा कोणी करावयाची हे शतकानुशतके जन्मानेच ठरविले गेले. तेथे वरिष्ठांच्या मानाविषयीचा कोणताही उपदेश कानावर येताच प्रथम संशय वाटावा, हे स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे.

मराठी वाचकाची आणखी एक भाषिक अडचण आहे. मूळ ग्रीक शब्द 'डूलोस' म्हणजे विकत घेतलेला माणूस, गुलाम. इंग्रजीतील १६११ च्या प्रसिद्ध भाषांतराने त्याला नोकर या अर्थाकडे झुकणारा सौम्य शब्द दिला आणि गुलामाचा नोकर होण्याची वाट मोकळी केली. मराठीत 'दास' आला. तो अर्थाने चूक नाही. पण आपल्या कानांना दास म्हटले की बाजारातला गुलाम आठवत नाही. समर्थ आठवतात, दासबोध आठवतो, संतांनी स्वतःला आनंदाने लावून घेतलेले बिरुद आठवते. पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो, म्हणजे ही भक्तिपर छटा मुळातही आहेच. परंतु दोन्ही छटा एका शब्दात मिसळल्या की पोटासाठी राबणाऱ्याचे दास्य भक्तीच्या उजेडात सुंदर दिसू लागते. नोकरीचा करार हा भक्तीचा करार नव्हे. त्यात तास ठरलेले असतात, वेतन ठरलेले असते, आणि राजीनाम्याचा हक्क असतो. रोमन साम्राज्यातील गुलामाला यांपैकी काहीही नव्हते.

त्याच परिच्छेदाचा उत्तरार्ध सहसा वाचला जात नाही. धन्यांनी धमक्या देण्याचे सोडावे, कारण त्यांचाही धनी वर बसला आहे आणि तो तोंडे पाहून न्याय करीत नाही, असा त्याचा आशय आहे. प्राचीन ग्रीक परंपरेत गृहव्यवस्थेचा उपदेश घरच्या कर्त्या पुरुषाला उद्देशून असे. बायको, मुले आणि गुलाम यांना कसे वागवावे हे त्याला सांगितले जाई. येथे गुलामाला थेट संबोधन आहे आणि मालकाच्याही डोक्यावर मालक बसविला आहे. त्या काळाच्या मानाने हे थोडे नव्हे. तरीही पेत्राच्या पहिल्या पत्रात केवळ सौम्य धन्यांच्याच नव्हे, कठोर धन्यांच्याही अधीन राहण्यास सांगितले आहे, ते वाचून मी थांबतो. त्याचे समर्थन करण्यासाठी मला आजवर एकही पटणारा युक्तिवाद सापडलेला नाही. सर्व पर्याय हिरावून घेतलेल्या माणसाला दिलेला तो धीर असेल. नियम म्हणून तो आज कोणाला सांगणे हा अन्याय आहे.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. 'नीतिसूत्रे' आणि 'उपदेशक' ही पुस्तके ज्ञानसाहित्य या नावाने ओळखली जातात. नीतिसूत्रांचा एक भाग हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतला, अशी नोंद पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. म्हणजे दरबारी लेखनिकांशी त्याचा संबंध उघडच सांगितला आहे. आमेनेमोपे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसरी उपदेशग्रंथाशी त्यातील एका भागाचे साम्य १९२४ मध्ये आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिले, तेव्हापासून हे वाङ्मय दरबारी उमेदवारांच्या शिक्षणाशी जोडून वाचले जाते. राजासमोर स्वतः होऊन पुढे बसू नये, मागे बसावे, कोणी बोलावून पुढे नेले तर बरे. सत्ताधीशाच्या पंक्तीस बसलास तर जिभेचे चोचले आवर, ते पक्वान्न फसवे असते. वरिष्ठ रागावला म्हणून जागा सोडून उठू नये, शांतपणाने बरेच काही निभावते. मऊ जिभेची आणि मोडणाऱ्या हाडाची गाठ घालणारी प्रतिमा तर कोणत्याही भाषेतील लोकोक्तीशी स्पर्धा करील. राजाला मनातल्या मनातही शिव्या देऊ नये, पाखरू ती बातमी नेऊन पोहोचविते, असेही उपदेशकाने बजावले आहे. आपल्याकडे हेच काम भिंतींचे कान करीत आणि आता व्हॉट्सॲपच्या गटातील कोणीतरी सहकारी स्क्रीनशॉट काढून करतो. पाखराची जात बदलली आहे, इतकेच.

मराठी वाचकाला येथे महाभारतातील विराटपर्व आठवावे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांना धौम्य ऋषी राजगृही कसे राहावे ते सांगतात: राजाच्या आसनावर, वाहनावर बसू नये, न विचारता त्याला सल्ला देऊ नये. दोन्ही ठिकाणचा सूर एकच. तो धूर्ततेचा नसला तरी सावधपणाचा आहे. उद्या पुन्हा याच दरबारात यावयाचे आहे अशा माणसाचे हे व्यवहारज्ञान आहे, आणि पगारावर घर चालविणाऱ्या कोणीही त्याला नाक मुरडू नये. पण त्याची मर्यादा ओळखावी. राजा अन्याय करीत असेल तर काय, या प्रश्नाशी सूत्रांची धाव संपते.

शौल आणि दावीद यांची कथा तेथून पुढे जाते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील हा भाग वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांवरील जगातील उत्कृष्ट गद्यांपैकी एक आहे असे माझे मत आहे. शौल हा राजा. दावीद त्याच्या पदरी वीणा वाजविणारा, पुढे सैन्याचा नायक. हाताखालच्या माणसाची कीर्ती वाढते आणि वरिष्ठाचे मन फिरते. थोरली मुलगी देण्याचे वचन दिले जाते आणि ऐन वेळी ती दुसऱ्याला दिली जाते. (पदोन्नतीची यादी लागण्याच्या आदल्या दिवशी काय काय घडते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे वेगळे सांगावयास नको.) मग भाला फेकला जातो. दावीद पळतो, शौल सैन्य घेऊन पाठलाग करतो. एन-गेदीच्या रानात शौल एकटाच एका गुहेत शिरतो, देहधर्मासाठी. आणि त्याच गुहेच्या आत दावीद आपल्या माणसांसह दडलेला असतो. माणसे म्हणतात, देवाने शत्रू हाती दिला आहे. दावीद पुढे सरकतो आणि शौलाच्या झग्याचा काठ हलकेच कापून घेतो. तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाते.

कथा येथे संपली असती तर ती आज्ञाधारकपणाची कथा झाली असती, आणि प्रवचनात ती बहुधा येथेच संपते. पुढचा भाग मात्र असा: शौल बाहेर पडल्यावर दावीदही बाहेर येतो, मोठ्याने हाक मारतो, भूमीपर्यंत वाकून मुजरा करतो, त्याला स्वामी म्हणतो, राजा म्हणतो, पुढे बाप म्हणतो, आणि हातातला काठ उंचावून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचा अन्याय त्याला सांगतो. लोकांच्या चहाड्या का ऐकतोस, तुझा जीव घेणे माझ्या हातात होते, मी घेतला नाही, देव आपल्या दोघांचा न्याय करो, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. पुरावा हातात आहे, संबोधन आदराचे आहे, आरोप स्पष्ट आहे, आणि अपमान कोठेही नाही. शौल रडतो, त्याला पुत्र म्हणतो, चूक मान्य करतो.

त्यानंतर निवेदकाने जे एक वाक्य लिहिले आहे त्यासाठी मी हा अध्याय विद्यार्थ्यांना वाचावयास सांगतो. शौल घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर जातो. तो राजाबरोबर परत जात नाही! अश्रू खरे होते, तरीही नाही. दोन अध्यायांनंतर जवळजवळ हाच प्रसंग पुन्हा घडतो. या वेळी भाला आणि पाण्याचा चंबू. दावीद मध्ये चांगले अंतर ठेवून दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावरून बोलतो. शौल त्याला परत ये म्हणतो. दावीद भाला न्यावयास एक तरुण पाठवून दे म्हणतो, आणि आपल्या वाटेने जातो. वरिष्ठाच्या पदाचा मान राखणे आणि त्याच्या भाल्याच्या टप्प्यात उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारा दुसरा निवेदक मला माहीत नाही. उपदेशपर पुस्तिकांतून क्षमा भरपूर असते. हे अंतर कोठे दिसत नाही.

नाथान आणि दावीद यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. आता दावीद राजा आहे, आणि उरीयाची बायको त्याने घेतली आहे, उरीयाला मारविले आहे. नाथान येऊन श्रीमंताने गरिबाची एकुलती कोकरी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगतो. राजा संतापून निकाल देतो. तो श्रीमंत म्हणजे राजा स्वतःच, हे नाथान मग तोंडावर सांगतो. आपल्या काव्यशास्त्रात याला अन्योक्तीशी ताडून पाहता येईल. पण शेवटचे विधान नसते तर ती गोष्ट राजाच्या करमणुकीत जमा झाली असती. आमच्या प्राध्यापक-कक्षातही अन्योक्तीचे उत्तम कलावंत आहेत. प्राचार्यांच्या उपस्थितीत ते शेवटच्या वाक्याच्या अलीकडे थांबतात.

यावर कोणी म्हणेल, दावीदाच्या पाठीशी माणसे होती, नाथान संदेष्टा होता. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाने काय करावे? आक्षेप रास्त आहे. त्याला बायबलमध्ये सर्वांत जवळचे उत्तर राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील नामानाच्या कथेत आहे. नामान हा अरामाचा सेनापती, कोडाने ग्रासलेला. बरे होण्याची वाट त्याला दाखविते ती लुटीत धरून आणलेली, निनावी इस्राएली मुलगी. अलीशा संदेष्टा त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्यास सांगून पाठवितो, स्वतः बाहेरही येत नाही. तेव्हा नामान चिडतो. आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत, असे म्हणून तो परत फिरतो. मग त्याचे चाकर जवळ येतात आणि त्याला बाप म्हणून संबोधतात. काही अवघड करावयास सांगितले असते तर तुम्ही केले असतेच ना, मग एवढे सोपे का करू नये, असा त्यांचा प्रश्न.

'मायबाप' हे संबोधन आपल्याला अर्जातून परिचित आहे. तेथे ते याचनेचे असते. या चाकरांनी तेच संबोधन वापरून तर्क केला. त्यांनी धन्याच्या रागावर टीका केली नाही, त्याच्या पराक्रमाचा आधार घेऊन त्याला त्याच्या हट्टातून सोडविले. दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातही असेच आहे: राजाचे अन्न नको म्हणताना तो अधिकाऱ्याच्या जिवाला असलेला धोका समजून घेतो आणि दहा दिवसांचा प्रयोग सुचवितो. कनिष्ठाच्या हाती सत्ता नसली तरी वाक्यरचना असते, असे म्हणावेसे वाटते. पण याचाही अतिरेक नको. वेतन बुडविणे, छळ, लैंगिक त्रास यांसाठी कायदे आहेत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथे मऊ जिभेचा सल्ला देणारा माणूस, त्याला सारे बायबल पाठ असले तरी, पीडिताचा हितचिंतक नव्हे. लाबानाने याकोबाचे वेतन दहा वेळा बदलले, अशी याकोबाची तक्रार आहे. वीस वर्षांनी तो न सांगता निघून गेला, आणि निवेदकाने त्याला दोष दिलेला नाही.

हे सारे दूरच्या काळातले वाटत असेल तर पंडिता रमाबाईंची पत्रे पाहावीत. १८८३ मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथील संन्यासिनी-मंडळातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्मजीवनातील मार्गदर्शक, आणि त्यांचा आश्रयही याच मंडळाकडून. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असा सल्ला हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांकडून आला. शिवाय त्यांचे धर्मसिद्धांतांविषयीचे प्रश्न वरिष्ठांना रुचत नव्हते. परक्या देशात, लहानग्या मनोरमेला घेऊन, दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी ही तरुण विधवा होती. तिच्याकडून मौनाची अपेक्षा करण्यास सर्व कारणे होती.

पत्रांत मात्र वेगळेच दिसते. जेराल्डिनना त्या 'आजीबाई' या मराठी नात्याने हाक मारतात. त्या हाकेत कृत्रिमता वाटत नाही. आणि त्याच पत्रव्यवहारात त्या स्पष्ट कळवितात की आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नाही; सल्ला ऐकतील, पण सदसद्विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाहीत. क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयी त्या विचारतात की लॅटिन आमच्या संस्कृतपेक्षा अधिक पवित्र आहे काय. आधार पुष्कळदा बायबलचाच. वरिष्ठ ज्या ग्रंथाच्या नावाने अधिकार सांगतात तोच ग्रंथ त्या त्यांच्यासमोर उघडून ठेवतात. १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला निघून गेल्या. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून झाले.

हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, संपादक ए. बी. शहा. पण पत्रे मुळात जमा करून जपली होती ती सिस्टर जेराल्डिन यांनी, ज्यांना रमाबाईंनी नाही म्हटले त्यांनीच. त्यांच्या टिपणांत रमाबाईंविषयीची नाराजी लपत नाही. तरी नकाराची पत्रे त्यांनी फाडली नाहीत. मूळ पत्रे इंग्रजीत असल्यामुळे ती आमच्या मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाहीत. 'स्त्रीधर्मनीति' येते, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' येतात. पत्रवाङ्मयाची एखादी अभ्यासपत्रिका नव्याने आखली जात असेल तर रमाबाईंची १८८५ ची पत्रे आणि एन-गेदीचा अध्याय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांकडे ही सूचना मी रीतसर अर्जाने करणार आहे.